व्यायामाची गोडी लागत नाही? आधी चाल कमी करा

*ताई, नमस्कार. मी ४४ वर्षांची. नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात राहते, झाशी राणी चौकाजवळ ऑफिस, मेट्रोनं ये-जा. गेल्या महिन्यात ऑफिसतर्फे तपासणी झाली, त्यात माझं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा, ६.१ निघालं. डॉक्टर म्हणाले, गोळी नको, रोज व्यायाम करा, तीन महिन्यांनी पुन्हा बघू. तेव्हापासून पोटात गोळा आहे. साखरेची भीती आहेच, पण त्याहून जास्त व्यायामाची आहे. आजवर तीनदा जिम लावली, तिन्ही वेळा जानेवारीत, वर्षाची फी एकदम भरून. तिन्ही वेळा तीन-चार आठवड्यांत बंद पडली. शेवटच्या वेळी ट्रेनरनं पहिल्याच दिवशी इतक्या उठाबशा काढायला लावल्या की तीन दिवस जिना उतरताना कठडा धरावा लागला. शाळेतही खो-खोच्या वेळी शेवटी उरायची ती मीच. आमचे मिस्टर रोज पहाटे अंबाझरी तलावावर मित्रांसोबत चालायला जातात, एक दिवस चुकला की चिडचिड करतात. मैत्रिणी म्हणतात, ‘सुरू तर कर, मग मजा येते.’ मला ती कधीच आली नाही. पहाटे साडेपाचपासून डबे, संध्याकाळी घरी यायला सात. माझ्यातच काही कमी आहे का? मिस्टर म्हणतात, आमच्या ग्रुपसोबत चल. जाऊ का?*
*– एक वाचक, त्रिमूर्तीनगर*

सप्रेम नमस्कार.

तुमच्यात काहीही कमी नाही. पत्रातला हाच प्रश्न मला सगळ्यात जास्त लागला, म्हणून त्याचं उत्तर सगळ्यात आधी. मी नागपुरातल्या शाळांमध्ये बरीच वर्षं शारीरिक शिक्षण शिकवलं आहे आणि हाच प्रश्न चाळिशी-पन्नाशीतल्या कितीतरी बायकांच्या तोंडून ऐकला आहे. तुमचं पत्र दोनदा वाचल्यावर एक गोष्ट लक्षात आली. तुम्ही आजवर जेव्हा जेव्हा व्यायाम केला, तेव्हा तो दुसऱ्या कुणाच्या तरी चालीनं केला. शाळेत शिट्टीच्या तालावर, जिममध्ये ट्रेनरच्या मोजणीवर. आता मिस्टर त्यांच्या चालीनं बोलावताहेत. तुमच्या स्वतःच्या चालीनं तुम्ही अजून एकदाही व्यायाम करून पाहिलेला नाही. मग तो आपल्याला आवडत नाही, हे ठरवायचं कशावरून?

शाळेचा विषय तुम्हीच काढला आहे, तर थोडं त्यावर. आपल्याकडे मुलांच्या मनात व्यायामाबद्दल पहिला धडा कोणता पडतो? उशीर झाला, मार मैदानाला फेऱ्या. गृहपाठ नाही आणला, काढ पन्नास उठाबशा. जी गोष्ट शरीराला घडवते तीच आपण शिक्षा म्हणून वापरत आलो. त्यात खेळाच्या तासाला दोन कप्तान उभे राहून एकेक गडी निवडणार आणि जी शेवटी उरेल ती ‘चल, ये तू’ म्हणून कुठल्या तरी बाजूला जाणार. दहा-बारा वर्षांच्या मुलीला ते कळत नाही असं थोडंच आहे? तिला ते पक्कं कळतं आणि पुढे तीस वर्षं लक्षात राहतं. तुमच्या ट्रेनरनं पहिल्या दिवशी उठाबशाच काढायला लावल्या हे वाचून मला म्हणूनच वाईट वाटलं. त्या मुलाच्या मनात काही वाकडं नसणार, पण तुमच्या शरीरानं ती पुन्हा शिक्षाच धरली.

त्या तीन दिवसांच्या दुखण्याबद्दलही सांगते. सवय नसलेल्या स्नायूंना एकदम काम लागलं, विशेषतः खाली बसताना किंवा उतार उतरताना वजन सावरायचं काम, की स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. तिचं दुखणं लगेच येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठतं आणि मग ओसरतं. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. पण नव्या माणसाच्या वाट्याला ते पहिल्याच दिवशी यावं, याची काडीची गरज नसते. ‘दुखलं म्हणजे लागू पडलं’ ही समजूत कितीतरी जणींना घरी बसवून गेली.

आता मजेकडे येऊ. व्यायाम करताना माणसाला आत कसं वाटतं, यावर अमेरिकेतले संशोधक पँटेलिमॉन एक्केकाकिस यांनी बरीच वर्षं काम केलं आहे. त्यातून निघालेली गोष्ट तुमच्या फार कामाची आहे. श्रम हळूहळू वाढवत नेले की एक टप्पा असा येतो जिथे श्वास एकदम जोरात लागतो आणि बोलताना शब्द तुटायला लागतात. त्या टप्प्याच्या खाली बहुतेकांना बरं वाटतं. त्याच्या वर गेलं की जवळपास सगळ्यांनाच वाईट वाटतं, कसलेल्यांनाही. फरक इतकाच की कसलेल्या माणसाचा तो टप्पा खूप वर असतो आणि बैठं काम करणाऱ्याचा बराच खाली. मिस्टर गप्पा मारत ज्या वेगानं अंबाझरीला चालतात, तोच वेग आज तुम्हाला त्या रेषेपलीकडे नेत असेल. दोघं एकाच वाटेवरून चाललात, तर त्यांना मजा येईल आणि तुम्हाला कधी एकदा संपतंय असं होईल, याचं कारण हे आहे. यात स्वभावाचा आणि इच्छाशक्तीचा प्रश्न येतोच कुठे?

ही रेषा ओळखायला घड्याळ नको, पट्टा नको. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, गाणं मात्र म्हणता येऊ नये. गाणं सहज म्हणता येत असेल तर थोडा पाय उचला. वाक्य मध्येच तुटत असेल तर लगेच हळू व्हा, लाज न बाळगता. पहिले दोन-तीन आठवडे तर मी म्हणेन, गाणं म्हणता आलं तरी चालेल. या दिवसांत एकच बघायचं: घरी परत आल्यावर ‘उद्या पुन्हा जाईन’ असं वाटतंय का? वाटत नसेल तर दुसऱ्या दिवशी वेळ आणि वेग दोन्ही कमी करा. लोक नेमकं उलट करतात. चुकलेल्या दिवसांची भरपाई म्हणून दुप्पट चालतात आणि आठवडाभर पुन्हा तोंड दाखवत नाहीत.

सुरुवात रात्रीच्या जेवणानंतर करा. भांडी आवरायला बसण्याआधी दहा-बारा मिनिटं, कॉलनीतल्या गल्लीत किंवा त्रिमूर्तीनगरच्या बागेपर्यंत. यात तुमच्या साखरेचाही विचार आहे. चालताना मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि त्यासाठी त्यांना इन्सुलिनच्या हुकमाची वाट पाहावी लागत नाही. जेवण झाल्यावर साखर वर चढत असते, त्याच वेळी हे झालं तर फायदा जास्त. तुमचं ६.१ हे ५.७ ते ६.४ या पट्ट्यात येतं. याला मधुमेहाच्या आधीची पायरी म्हणतात आणि या पायरीवरून मागे फिरता येतं. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूनं याच पायरीवरच्या भारतीयांचा अभ्यास करून २००६ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांना नुसता नेहमीचा सल्ला मिळाला, त्यांच्यातल्या ५५ टक्के लोकांना अडीच-तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांनी चालणं आणि आहारातले बदल धरून ठेवले, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होतं. हा फरक घाम गाळून बेशुद्ध पडणाऱ्यांनी मिळवलेला नव्हता, रोज अर्धा तास चालणाऱ्यांनी मिळवलेला होता.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम सांगते. हा आकडा ऐकून दडपू नका. पूर्वी त्याला एक अट होती, की सलग दहा मिनिटांपेक्षा कमी केलेलं धरायचं नाही. २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ती अट गेली. आता पाच मिनिटंही जमेत धरली जातात. म्हणजे मेट्रोनं जाताना झाशी राणी चौकाऐवजी एक स्टेशन आधी, इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सला उतरलात आणि उरलेलं अंतर चालत गेलात, तर तेही खात्यात जमा. मोबाइलवर रोज दहा हजार पावलं दिसली नाहीत म्हणून दिवस वाया गेला असंही समजू नका. हा दहा हजारांचा आकडा कुठल्या वैद्यकीय शोधातून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, एका जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं, त्याच्या नावातच दहा हजार होतं. गोल आकडा, लोकांच्या डोक्यात बसला तो बसलाच.

तुमच्या पत्रातली एक ओळ तुम्ही घाईत लिहून गेलात, ती मला महत्त्वाची वाटते: ‘पहाटे साडेपाचपासून डबे.’ मिस्टरांना अंबाझरीला मजा येते, त्यात वेगाचा भाग आहे तसाच आणखी एक आहे. ते घराबाहेर पडतात तेव्हा त्यांच्या मागे गॅसवर काही नसतं. तुम्ही त्याच वेळी बाहेर पडलात तरी डोकं कणकेत, कुकरच्या शिट्टीत आणि मुलाच्या न सापडणाऱ्या सॉक्समध्ये अडकलेलं असणार. असं चालून कुणालाच आनंद होत नाही. म्हणून घरी स्पष्ट बोला. तपासणीचा कागद टेबलावर ठेवा आणि सांगा: आठवड्यातले दोन दिवस सकाळचे डबे माझ्याकडे नाहीत. त्या दिवशी पोळी-भाजीऐवजी ब्रेड-ऑम्लेट गेलं, रात्रीचा भात फोडणीला टाकून गेला, तरी कुणाचं काही बिघडत नाही. पहिल्या आठवड्यात स्वयंपाकघरातून ‘मीठ कुठे आहे?’ अशा हाका येतील. उत्तर द्यायला थांबू नका, दार ओढून घ्या. ‘दिवसभर घरचं काम करतेच की, तोच व्यायाम’ असं कुणी म्हणालं तर सांगा की घरकामानं शरीर शिणतं हे खरं, पण त्यात सलग काही मिनिटं श्वास लागेल असं फार थोडं असतं आणि त्यातला एक क्षणही आपला स्वतःचा नसतो. तो अर्धा तास तुमचा असला पाहिजे. मजा यायला जागा लागते, आणि ही जागा तुम्हाला कुणी आपणहून आणून देणार नाही.

पहाटे गल्ल्यांमधल्या कुत्र्यांची भीती वाटत असेल तर ती खोटी नाही. अंधारात आतल्या रस्त्यांवरून एकटीनं फिरू नका. बागेचं फाटक उघडलं की बागेतच फेऱ्या मारा. बुटांवर मात्र पैसे खर्च करा, तिसऱ्यांदा जिमच्या फीवर गेले त्याच्या निम्म्यातही चांगले बूट येतात. कपडे कोणते, याची फिकीर करू नका. पंजाबी ड्रेस, ओढणी कंबरेला गाठ मारून आणि पायात स्पोर्ट्स शूज, अशा बायका नागपूरच्या प्रत्येक बागेत दिसतात. पहिल्या आठवड्यात कुणीतरी ‘काऊन जी, आज इकडे कुठं?’ म्हणून विचारेल. दुसऱ्या आठवड्यात तीच बाई विचारेल, ‘काल नाही दिसल्या?’ आणि त्या प्रश्नासाठी म्हणून तुम्ही एखाद्या कंटाळ्याच्या दिवशीही बाहेर पडाल. हे मी कितीदा घडताना पाहिलं आहे!

एक युक्ती सांगते. तुम्हाला काहीतरी असं असेलच जे करायला रोज आवडतं आणि जे पलंगावर पडून होतं. बहिणीशी, मैत्रिणीशी फोनवर बोलणं असो की कानात घालून नाटक, कथा, गाणी ऐकणं असो. ते फक्त चालतानाच करायचं असं ठरवा. बहिणीला सांगून टाका, आता मी रात्री नऊला रस्त्यावरूनच बोलणार. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या कॅथरिन मिल्कमन यांनी २०१४ मध्ये मांडलेला प्रयोग असाच होता. उत्कंठा वाढवणाऱ्या कादंबऱ्यांची ध्वनिमुद्रणं लोकांना फक्त जिममध्येच ऐकायला मिळतील अशी सोय केली. सुरुवातीला ते लोक इतरांपेक्षा निम्म्यानं जास्त वेळा जिमला आले. पण पुढे सणाची सुट्टी आली, जिममध्ये खंड पडला आणि हा परिणाम विरून गेला. प्रयोगाचा हा दुसरा भाग मला पहिल्यापेक्षा जास्त मोलाचा वाटतो, कारण आपल्याकडे दिवाळी येऊ घातली आहे. चार दिवस फराळ, पाहुणे, भाऊबीजेला माहेर, यात चालणं सुटणार. सुटू द्या. पण परतीची तारीख आधीच ठरवा: भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, रात्री जेवण झालं की, दहा मिनिटं. एखादा दिवस चुकल्यानं सवय मोडत नाही. चुकल्यावर मन खट्टू करून बसल्यानं मोडते.

सवय लागायला किती दिवस, हेही ऐकून ठेवा. सगळीकडे २१ दिवस सांगतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांचा अभ्यास केला, तेव्हा एखादी गोष्ट आपोआप व्हायला लागायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ लागले, तर कुणाच्या बाबतीत हिशोब २५४ वर गेला. पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर लागली, व्यायामाची उशिरा. तुम्ही तिन्ही वेळा तीन-चार आठवड्यांत थांबलात. म्हणजे सवय लागायची होती त्याच्या निम्म्या वाटेवर.

आता यात नागपूरचं हवामान घालून बघा. एक जानेवारीला सुरुवात केली, तर ६६ दिवस पुरे होतात मार्चच्या पहिल्या आठवड्यात. सवय जेमतेम धरायला लागते आणि होळी उंबरठ्यावर येते. कूलरची टाकी धुऊन निघते, खसच्या ताट्या बदलतात, रात्री नीट झोप लागत नाही, सकाळी सहालाच उजेड डोळ्यांत जातो. कोवळी सवय त्या उन्हात टिकत नाही. जानेवारीत भरलेल्या आपल्या जिम मार्चअखेर ओस पडतात, त्याचा सगळा दोष मी आळसाला देणार नाही, थोडा पंचांगालाही देईन. म्हणून नव्या वर्षाची वाट बघू नका. दसरा झाला, कोजागिरी आली. आत्ता सुरू केलंत तर थंडी पडेपर्यंत पाय तयार होतील आणि पुढे डिसेंबर-जानेवारीची ती आपली थंडी तुमच्या हाती लागेल, जिच्यात चालणं हे सुख असतं. २०१८ च्या डिसेंबरअखेर पारा ३.५ अंशांवर उतरला होता. तसा एखादा दिवस निघालाच तर गोधडीत राहा, बाकी दिवस बाहेर पडा. होळीपर्यंत तुमच्या गाठी पाच महिने असतील.

या पाच महिन्यांत आत काय घडतं ते समजलं की धीर धरणं सोपं जातं. पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला पातळ भाग वाढतो. त्यामुळे हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलू लागतं आणि त्याच कामाला कमी ठोके पुरतात. पुढच्या काही आठवड्यांत स्नायूंमध्ये बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं, प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करणाऱ्या पेशींमधल्या भट्ट्या वाढतात. मघाशी सांगितलेली ती रेषा अशी वर सरकत जाते. कंडरा आणि सांधे मात्र स्नायूंपेक्षा सावकाश बळकट होतात. दुसऱ्या महिन्यात हुरूप येऊन एकदम पळायला जाणाऱ्यांचे गुडघे आणि टाचा तिथेच दुखावतात, तेवढं सांभाळा.

हे स्वतःच्या अंगावर अनुभवायचं असेल तर फुटाळ्याहून सेमिनरी हिल्सकडे चढणारा रस्ता धरा. आज तो चढ चढताना तुम्हाला मध्ये थांबावं लागेल. थांबा, खुशाल. मग महिन्यातून एखाद्या रविवारी पुन्हा जा. थंडी सरता सरता एक दिवस असा येईल की तुम्ही बहिणीशी बोलत बोलत वर पोचाल आणि वर पोचल्यावर कळेल की चढ संपला. मैत्रिणी ज्याला मजा म्हणतात ती बहुतेक वेळा हीच असते. स्कूटी शिकतानाचे दिवस आठवा. खांदे आखडलेले, ब्रेकवर बोटं घट्ट, घरी पोचेपर्यंत जीव टांगणीला. आज तुम्ही गर्दीतून स्कूटी काढताना संध्याकाळच्या भाजीचा विचार करता. स्कूटी तीच, रस्ते तेच.

आणखी एक, हे खास बायकांना सांगावंसं वाटतं कारण आपण फार लवकर स्वतःचा निकाल लावतो. पहिली दहा मिनिटं सगळ्यांचीच जड जातात. अंग गरम झालेलं नसतं, श्वासाचा मेळ बसलेला नसतो. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की व्यायामात किती आनंद मिळेल याचा अंदाज माणसं हमखास कमी करतात, कारण अंदाज करताना त्यांच्या डोळ्यांपुढे ती सुरुवातच असते. तेव्हा दार ओढतानाच्या मनःस्थितीवर विश्वास ठेवू नका. आणि शेवट नेहमी सोपा ठेवा. चढ आधी, सपाट नंतर. वेग मध्ये वाढवायचा, शेवटची पाच-सात मिनिटं रमतगमत. व्यायामाच्या सायकलवर असाच प्रयोग झाला आहे. ज्यांनी अवघड भाग आधी उरकला आणि हळूहळू सोपं करत नेलं, त्यांच्या आठवणीत तोच व्यायाम जास्त सुखाचा राहिला. पुढच्या वेळी पाऊल बाहेर पडतं ते त्या आठवणीच्या जोरावर.

उन्हाळ्याचं आत्ताच डोक्यात घेऊ नका, पण थोडक्यात सांगून ठेवते. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ कडे जातो तेव्हा चालणं सकाळी साडेसहाच्या आत आटोपायचं आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, ते नाहीच जमलं तर घरात पंख्याखाली सूर्यनमस्कार, आसनं करायची. रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळात योगाचे वर्ग चालतात, फेब्रुवारीतच एकदा जाऊन बघा. पोहायला शिकायची इच्छा असेल तर तलावावर बायकांची वेळ वेगळी असते का ते विचारा. आपल्या गावात उन्हाळ्यात पाण्याइतकं सुख कशात नाही.

स्नायूंना जोर येण्यासाठी आठवड्यातून दोनदा थोडं वेगळं करायचं. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि सावकाश बसायचं, आठ-दहा वेळा. ओट्याला हात टेकून तिरप्या दंडासारखं, तेवढंच. चहा उकळेपर्यंत होतं. उठाबशांचं नाव तुमच्यापुढे काढणार नाही, खुर्चीनं ते काम होतं.

छातीत दाबल्यासारखं झालं, चक्कर आली, किंवा नेहमीच्या चालण्यात एकदम जास्त धाप लागायला लागली, तर थांबा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. गुडघा दोन दिवसांनंतरही सुजलेला राहिला तरी दाखवा. तीन महिन्यांनंतरची तपासणी चुकवू नका. आकडा फारसा हलला नाही तरी चालणं सोडू नका, कारण त्यात जेवणाचा, झोपेचा, आईवडिलांकडून आलेल्या प्रकृतीचाही वाटा असतो.

एक गोष्ट तुमच्यापासून लपवणार नाही. कदाचित तुम्हाला मिस्टरांसारखं वेड कधीच लागणार नाही. काहींना लागतं, काहींना नाही, आणि न लागणाऱ्यांचीही तब्येत चालण्यानं तितकीच सुधारते. मी ओळखते अशा कितीतरी बायका आहेत ज्या ‘आवडतं का?’ विचारलं तर खांदे उडवतात, पण चालून आल्यावर त्यांचा आवाज वेगळा असतो, रात्री झोप गाढ लागते आणि दिवसभर चिडचिड कमी होते. तेवढं मिळालं तरी पुष्कळ आहे. आणि चालणं जमलंच नाही तर दुसरं काही शोधा. लेझीम, गरबा, सायकल, बॅडमिंटन, काहीही. पाच महिने चालून बघितल्यावर मात्र, त्याआधी नाही.

राहिला मिस्टरांच्या ग्रुपचा प्रश्न. आत्ता जाऊ नका. ते प्रेमानं बोलावताहेत हे दिसतंच आहे, पण त्यांच्यासोबत चालायचं म्हणजे पहिल्याच दिवशी तुम्ही मागे राहाल, मग ते तुमच्यासाठी हळू होतील, मग तुम्हाला ओशाळल्यासारखं होईल आणि खो-खोचं मैदान पुन्हा उभं राहील. त्याऐवजी रविवारी दोघं एकाच वेळी घरून निघा, अंबाझरीला पोचलात की त्यांनी त्यांच्या वाटेनं जायचं, तुम्ही तुमच्या. तासाभरानं पोह्यांच्या ठेल्यावर भेटायचं. तर्री-पोहे खा, बिनधास्त. फक्त पोहे अर्धी प्लेट सांगा आणि तर्रीतले चणे जास्त घालायला लावा, वरून कांदा आणि सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर. ठेलेवाल्याला ‘शेव नको’ म्हणायला विसरू नका, आणि घरी गेल्यावर त्या दिवशीचा स्वयंपाक कुणी करायचा ते तिथेच, मिस्टरांच्या मित्रांसमोर ठरवून टाका.